बारा मीटरवर तीस मजले

लेन्स अंगातच पक्की बसवलेले डिजिटल कॅमेरे २०१० साली जगभरात साडेदहा कोटींहून जास्त रवाना झाले, असं जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेची आकडेवारी सांगते. २०२३ साली हाच आकडा १७ लाखांच्या आसपास उतरला. मधल्या काळात प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि खिशातल्या कॅमेऱ्याचा धंदा बसला. लग्नाच्या आहेरात येणारे, कपाटात मखमली पिशवीत जपून ठेवलेले ते चंदेरी डिजिकॅम बघता बघता भंगारात गेले.

गंमत अशी की याच पडत्या काळात या जातीच्या एका कॅमेऱ्यासाठी लोक महिनोन्‌महिने ताटकळले. फुजीफिल्मचा एक्स१००व्ही फेब्रुवारी २०२० मध्ये आला. पहिली दोन वर्षं त्याची फारशी चर्चा नव्हती. मग टिकटॉकवर त्याचे व्हिडिओ फिरू लागले आणि दुकानांतला साठा संपला. जुना वापरलेला कॅमेरा कोऱ्या कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महाग विकला जाऊ लागला. भारतात टिकटॉकवर २०२० सालीच बंदी आली होती, पण टंचाई मात्र इथेही पोचली. पुढचं मॉडेल, एक्स१०० सिक्स, फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत १,५९९ डॉलरला जाहीर झालं. भारतात त्यासाठी दीड लाखाच्या पुढे मोजावे लागतात.

एवढ्या पैशांत मिळतं काय? झूम नाही. लेन्स काढून दुसरी लावण्याची सोय नाही. ३५ मिमी लेन्सला जेवढं दिसतं तेवढंच या कॅमेऱ्याला कायम दिसणार. त्याचा जपानी भाऊबंद रिको जीआर थ्री २०१९ साली आला. बॅटरी आणि कार्डासह तो २५७ ग्रॅम भरतो, शर्टाच्या खिशात मावतो आणि २८ मिमीएवढंच पाहतो. २०२१ साली त्याचीच ४० मिमीची आवृत्ती निघाली, म्हणजे ज्याला दुसरा कोन हवा त्याने दुसरा कॅमेराच घ्यायचा! जर्मन लायका क्यू किंवा सोनी आरएक्स१ हे त्याच पंगतीतले श्रीमंत पाहुणे. त्यांच्या किमती ऐकून पुढचं पान उलटलेलं बरं.

मराठी घरांना मात्र हा प्रकार नवा नाही. झूम नसलेला कॅमेरा हाच इथला पहिला कॅमेरा. वडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री कित्येक मध्यमवर्गीय घरांत होता. १२० नंबरचा रोल आणि त्यावर ६ सेंटिमीटरचे १२ चौकोनी फोटो. लेन्स एकच, फोकस ठरलेला, आणि हवामानाप्रमाणे फिरवायच्या मोजक्या खुणा. रोल गणपतीत भरला की दिवाळीपर्यंत पुरवायचा, आणि शेवटचे दोन फोटो ‘रोल संपवायला’ म्हणून शेजारच्या बाळाचे काढायचे, हा शिरस्ता. धुऊन आलेले छोटे चौकोन काळ्या पानांच्या अल्बममध्ये कागदी कोपरे लावून बसवले जात.

त्या अल्बममधली माणसं डोळे बारीक करून का उभी असतात, याचं उत्तर कॅमेऱ्यातच आहे. लेन्सचं तोंड लहान आणि शटर संथ असल्यामुळे भरपूर ऊन लागे. म्हणून फोटो काढणाऱ्याने सूर्याकडे पाठ करायची आणि बाकीच्यांनी सूर्याकडे तोंड. फोकस काही पावलांवरच सुरू होत असल्याने जवळ जाऊन चेहरा टिपण्याचा प्रश्नच नव्हता. डोक्यापासून चपलांपर्यंत अख्खा माणूस, मागे घराचं दार किंवा बागेतलं कारंजं, असा त्या फोटोंचा साचा ठरून गेला. त्याला पुढे ‘जुन्या काळची शैली’ म्हटलं गेलं, पण ती शैली एका साध्या भिंगाने ठरवली होती.

नव्वदच्या दशकात कोडॅकच्या केबी१० ने हीच परंपरा ३५ मिमीच्या रोलवर चालवली. मग डिजिटल आलं आणि दुकानदाराच्या तोंडी एकच प्रश्न आला: ‘किती एक्स पाहिजे?’ तीन एक्स, दहा एक्स, तीस एक्स. झूम हेच कॅमेऱ्याचं मोजमाप झालं, आणि जागेवरून न हलता फोटो काढायची सवय एका अख्ख्या पिढीला लागली.

नामवंतांच्या हाती काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका पहिल्यांदा विक्रीला आला तेव्हा त्याची ५० मिमीची लेन्स काढता येत नव्हती. ती सोय १९३० साली आली. सोय आल्यावरही आंरी कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर बहुतेक वेळ ५० मिमीवरच राहिला. तो १९४७-४८ मध्ये भारतात होता. ३० जानेवारी १९४८ रोजी तो गांधीजींना भेटला आणि त्याच संध्याकाळी त्यांची हत्या झाली. पुढच्या दिवसांतली त्याने टिपलेली गर्दी जगभर गेली. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्याकडे इतर कॅमेऱ्यांसोबत रोलायफ्लेक्स असे. छातीशी धरून वरून खाली पाहायचा तो दोन डोळ्यांचा कॅमेरा. त्याचीही लेन्स पक्की. जपानचा दाइदो मोरियामा तर रिको जीआर खिशात टाकूनच टोकियोच्या गल्ल्यांतून फिरत राहिला.

तेव्हा प्रश्न कमतरतेचा नाही. एका लेन्सवर राहिलं की छायाचित्रकाराचं काम बदलतं, आणि ते कसं बदलतं हे पाहायला ठाण्याच्या घोडबंदर रोडसारखी जागा नाही.

हा रस्ता पाहायला सहसा कोणी येत नाही. कापूरबावडीपासून निघून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असा तो वायव्येला सरकतो, गायमुखाशी पश्चिमेला वळतो आणि घोडबंदर गावाजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. न्हावाशेवा बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने जातात. डोक्यावर मेट्रोचा मार्ग आणि मधोमध तिच्या खांबांची ओळ. एका हाताला येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडची कड. दुसऱ्या हाताला उल्हास नदीची खाडी. या दोहोंच्या मधल्या पट्टीत तीस-तीस, चाळीस-चाळीस मजली इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी आगरी-कोळ्यांची जुनी गावं, गावदेवीची देवळं, भाताच्या उरल्यासुरल्या खाचरांचे तुकडे.

इथला ठरलेला फोटो प्रत्येकाने पाहिलेला असतो: गच्चीवरून फोनचा झूम ताणून काढलेला, मागे पावसाळी हिरवा डोंगर आणि त्याला चिकटून टॉवर. खरं तर डोंगर आणि टॉवर यांच्यात बरंच अंतर असतं, पण लांबून झूम केलं की ते एकमेकांच्या खांद्यावर बसलेले दिसतात. बिल्डरांच्या जाहिरातींना हे फार आवडतं.

पक्क्या लेन्सचा कॅमेरा हे करू शकत नाही. ‘झूम नसेल तर पायांनी झूम करा’ हा सल्ला या कॅमेऱ्यासोबत फुकट मिळतो, पण तो अर्धवट आहे. पायांनी झूम होत नाही. पायांनी दृश्यातल्या वस्तूंचं आपसातलं प्रमाण बदलतं. झूमने ते कधीच बदलत नाही, फक्त चौकट लहान-मोठी होते.

याचा हिशेब सोपा आहे. समजा वाघबीळच्या नाक्यावर एक माणूस उभा आहे, उंची १.७ मीटर. त्याच्या मागे साधारण ६०० मीटरवर ९० मीटर उंचीची, म्हणजे सुमारे तीस मजल्यांची इमारत आहे. छायाचित्रकार माणसापासून २ मीटरवर उभा राहिला तर फोटोत इमारतीची उंची माणसाच्या साधारण एक षष्ठांश भरते. माणूस राक्षसाएवढा आणि टॉवर त्याच्यापुढे चिमुकला. छायाचित्रकार ४ मीटरवर गेला की इमारत माणसाच्या एक तृतीयांश होते. आणि १२ मीटरवर गेला की दोघं सारख्याच उंचीचे दिसतात! इमारत जागची हललेली नाही, माणूसही नाही. छायाचित्रकार दहा मीटर मागे सरकला, एवढंच. त्यानंतरही तो मागे जात राहिला तर टॉवर माणसापेक्षा मोठा दिसू लागतो.

आता यात लेन्स कुठे आली? लेन्स चौकट ठरवते. बारा मीटरवरचा तो माणूस ३५ मिमीच्या आडव्या चौकटीत उंचीचा साधारण पाचवा हिस्सा व्यापेल, २८ मिमीमध्ये सहावा. झूम असता तर हात आपोआप त्या छोट्या माणसाला मोठं करायला धावला असता, आणि भोवतीचा रस्ता, खांब, कंटेनर, वडापावची गाडी चौकटीबाहेर गेली असती. झूम नसल्यामुळे हे सगळं आत राहतं आणि त्याची मांडणी लावावी लागते. हातगाडी टॉवरला झाकते का? खांब माणसाच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो का? एक पाऊल डावीकडे सरकलं की खांब सुटतो. या कॅमेऱ्याचं बहुतेक काम अशा एका-एका पावलात होतं, आणि आनंदही तिथेच आहे. ज्याला तो कंटाळा वाटतो त्याने खुशाल झूमचा कॅमेरा घ्यावा; त्यात कमीपणा काही नाही.

अंतरांचा अंदाज लवकर हाडात मुरतो. ३५ मिमीचं गणित तोंडी ठेवण्यासारखं आहे: जेवढं अंतर, जवळपास तेवढीच रुंदी. तीन मीटरवर भिंत असेल तर भिंतीचा तीन मीटर रुंद तुकडा आडव्या चौकटीत येतो. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर किमान अडीच मीटर हवेत. २८ मिमीला दोन मीटर पुरतात. ४० मिमीला रुंदी अंतरापेक्षा थोडी कमी पडते. महिनाभर एकच लेन्स वापरणाऱ्याला कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच कळतं की फोटोत काय येणार आणि काय कापलं जाणार. समोरून घागरी घेतलेली बाई येत असेल तर उभं कुठे राहायचं हे तो ती येण्याआधी ठरवतो. झूमवाला तेव्हा रिंग फिरवत असतो.

नव्या मॉडेलांमध्ये एक पळवाट ठेवलेली आहे. एक्स१०० सिक्समध्ये ४० मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, त्यामुळे मधला भाग कापून ५० किंवा ७० मिमीसारखी चौकट मिळते. जीआर थ्रीतही ३५ आणि ५० मिमीची अशी सोय आहे. चौकट घट्ट होते खरी, पण वरचा एक षष्ठांश-एक तृतीयांशाचा हिशेब जसाच्या तसा राहतो, कारण छायाचित्रकार जागचा हललेला नसतो. ही सोय बंद ठेवलेलीच बरी.

घोडबंदर रोडचा उजेड वेगळा आहे आणि त्याचं कारण भूगोलात आहे. डोंगर पश्चिमेला, खाडी पूर्वेला. सकाळी भिवंडीच्या बाजूने, खाडीवरून सूर्य येतो आणि त्याला अडवायला उंच काही नसतं. इमारतींच्या मधल्या फटींतून उन्हाचे लांबट पट्टे रस्त्यावर पडतात आणि डोंगराची कूस उजळते. संध्याकाळी उलट. सूर्य पंचांगाप्रमाणे मावळण्याच्या बराच आधी येऊरच्या मागे जातो. रस्ता आणि खालचे मजले सावलीत आणि वरचे मजले अजून पिवळ्या उन्हात, अशी स्थिती इथे बराच वेळ टिकते. डोंबिवलीत किंवा कल्याणला सपाटीवर ती इतकी टिकत नाही. माणसांच्या फोटोंना सावलीतला हा मऊ उजेड फार चांगला. चेहऱ्यावर काळे डाग पडत नाहीत आणि कोणी डोळे बारीक करत नाही.

कासारवडवलीपर्यंत रस्ता शहराचा आहे. इथे २८ मिमी शोभतं, कारण वर मेट्रोचा मार्ग आहे, समोर खांब आहेत आणि मागे हटायला जागा नाही. खांब जवळून घेतला की तो चौकटीच्या कडेला झुकलेला दिसतो. ते टाळायचं असेल तर कॅमेरा सरळ, क्षितिजाला समांतर धरावा लागतो. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींना भेटायला निघतात. हे रुंद लेन्सचं व्यंग आहे असं समजलं जातं, पण दोष तिरप्या धरलेल्या कॅमेऱ्याचा असतो.

ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे, फुलपाखरांसाठी राखलेली खासगी बाग. इथे हा कॅमेरा हरतो हे कबूल करायला हवं. जीआर थ्री मॅक्रो मोडमध्ये ६ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करतो, पण एवढं जवळ जाईपर्यंत फुलपाखरू थांबत नाही. फुलपाखरू चौकटभर हवं असेल तर लांब पल्ल्याची मॅक्रो लेन्स लागते आणि तिच्या मालकाचा हेवा करावा लागतो. पक्क्या लेन्सला तिथे दुसरं काम आहे: घाणेरीच्या झुडपात मान घालून बसलेली मुलं, हातात छत्री घेऊन त्यांना शांत राहायला सांगणारे आजोबा, आणि कोपऱ्यात कुठेतरी नखाएवढं फुलपाखरू. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचीही हीच गोष्ट. तिथे हा कॅमेरा नेऊन ठिपके टिपण्यात अर्थ नाही.

गायमुखाला रस्ता घाटात शिरतो आणि खाडी अगदी बाजूला येते. इथे शहर संपल्यासारखं वाटतं, पण कंटेनरची रांग ते विसरू देत नाही. घाटात वाहतूक हमखास तुंबते. गाडीत अडकलेल्याला ते संकट, पायी असलेल्याला तीच संधी. केबिनच्या खिडकीत कोपर टेकून बसलेला ड्रायव्हर, आरशाला लटकवलेली लिंबू-मिरची, ट्रकच्या पाठीवरची अक्षरं. सगळं दोन-तीन मीटरच्या आत आणि सगळं थांबलेलं. रस्त्यात मात्र उतरू नये. मोकळ्या झालेल्या वळणावर कोणताही फोटो तेवढ्या मोलाचा नसतो.

पुढे चेण्याची खाडी ओलांडून घोडबंदर. टेकाडावर पोर्तुगीजांचा किल्ला आहे. त्यांच्या काळात या बंदरावर अरबी घोडे उतरत. १७३७ च्या साष्टी मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला आणि पुढे तो इंग्रजांकडे गेला. तटावरून खाडीचा मोठा पसारा दिसतो. ३५ मिमीत तो अख्खा मावत नाही, २८ मध्ये मावतो पण पोकळ दिसतो. अशा वेळी पुढ्यात काहीतरी हवं: कमान, पायरी, बसलेलं कोणी. रुंद लेन्सला जवळची वस्तू दिली नाही की ती सगळा देखावा लांब ढकलून देते.

आता थोडं यंत्राबद्दल. या कॅमेऱ्यांना ‘लहान’ ठेवता येतं ते लेन्स पक्की असल्यामुळेच. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात जोडणीचं कडं आणि लेन्स-सेन्सर यांच्यात ठराविक अंतर ठेवावं लागतं. पक्क्या लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ नेता येतं आणि दोन्ही एकमेकांसाठीच बनवलेली असतात. त्यामुळे एपीएस-सी आकाराचा सेन्सर खिशात येतो. त्याचं क्षेत्रफळ चांगल्या फोनमधल्या मुख्य सेन्सरच्या सुमारे पाचपट भरतं.

दुसरी गोष्ट शटरची. यात शटरची पाती लेन्सच्या आतच असतात. त्यांचा आवाज जवळजवळ येत नाही, हा पहिला फायदा. दुसरा फ्लॅशचा. नेहमीच्या कॅमेऱ्यात पडदा सेन्सरसमोर सरकतो, म्हणून साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० सेकंदापेक्षा वेगात नीट चालत नाही. लेन्समधलं शटर मात्र सगळीकडून एकदम उघडतं, त्यामुळे सेकंदाच्या हजाराव्या भागालाही फ्लॅश चालतो. भर उन्हात टोपीखालचा किंवा फेट्याखालचा काळवंडलेला चेहरा उजळता येतो आणि मागचं आकाशही पांढरंफटक होत नाही. एक्स१०० मध्ये छोटा फ्लॅश अंगातच आहे; जीआर थ्रीवर तो वेगळा बसवावा लागतो.

तिसरी, आणि रस्त्यावर सगळ्यांत उपयोगाची: फोकस आधीच लावून ठेवणं. २८ मिमीएवढं पाहणारी जीआरची लेन्स मुळात १८.३ मिमीची आहे. एफ/८ ला फोकस अडीच मीटरवर ठेवला तर साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग कॅमेऱ्याला फोकस शोधत बसावं लागत नाही; बटण दाबलं की फोटो. रिकोने यासाठी ‘स्नॅप’ नावाची खास सोय दिली आहे. ३५ मिमीएवढं पाहणारी एक्स१०० ची लेन्स मुळात २३ मिमीची असल्याने तिथे फोकस साडेतीन मीटरच्या आसपास ठेवावा, म्हणजे पावणेदोन मीटरपासून पुढचं स्पष्ट मिळतं. कडक उन्हात आयएसओ २०० ला एफ/८ आणि १/८०० असं गणित बसतं. डोंगराची सावली पडली की आयएसओ ८०० ला १/४०० च्या जवळपास. चालती माणसं थोपवायला एवढा वेग पुरतो. क्लिक थ्रीचं तंत्रही मुळात हेच होतं. आता ते हवं तेव्हा चालू-बंद करता येतं इतकंच.

या सगळ्याची खरी परीक्षा घोडबंदर रोडवर नसून डोंबिवलीच्या फडके रोडवर होते. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अख्खी तरुण डोंबिवली नवे कपडे घालून या छोट्याशा रस्त्यावर उतरते. गुढीपाडव्याला गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केलेली नववर्ष स्वागतयात्रा निघते. पुढे ठाण्यापासून गिरगावापर्यंत अशा यात्रा सुरू झाल्या त्या तिच्या पाठोपाठ. दोन्ही दिवशी हातात भलीमोठी लेन्स घेतलेले छायाचित्रकार कडेच्या ओट्यांवर, गॅलऱ्यांत जागा धरून बसतात. नऊवारी, नथ, बुलेट आणि फेटा यांचे तेच ते फोटो तिथून दरवर्षी निघतात. २८ मिमीवाल्याला ओट्यावर बसून काहीच मिळत नाही. त्याला लेझीमच्या रांगेत शिरावं लागतं, ढोलाच्या टोलापासून हातभर अंतरावर, घामाचे थेंब दिसतील इतक्या जवळ. गर्दीत शिरलेला हा छोटा कॅमेरा कोणी गंभीरपणे घेत नाही, पर्यटक समजून सोडून देतात. त्याचा फायदा घ्यावा, गैरफायदा नको. दोन मीटरवर उभं राहून लपूनछपून फोटो निघत नाही. नजरानजर होतेच. मग मान हलवून विचारावं, मागाहून पडद्यावर दाखवावा, कोणी ‘नको’ म्हटलं तर पुसून टाकावा. लांबच्या झूमला ही तसदी नसते, पण त्याच्या फोटोतलं कोणी छायाचित्रकाराकडे पाहतही नसतं.

कल्याणच्या बाजार समितीतला फूलबाजार हा या कॅमेऱ्याचा दुसऱ्या टोकाचा अनुभव. तिथे पहाटेचा अंधार, दिव्यांचा पिवळा-पांढरा मिसळलेला उजेड आणि झेंडूच्या राशी. एफ/२ किंवा एफ/२.८ इतकी उघडणारी लेन्स इथे कामी येते. ४० मिमी अधिक बरं, कारण २८ मध्ये फुलांपेक्षा प्लास्टिकचे क्रेटच जास्त येतात.

पैशांचा प्रश्न उरतोच. दीड लाख सगळ्यांना परवडत नाहीत, आणि परवडले तरी ते खर्चावेतच असं नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. तिथे जुने जीआर किंवा पहिल्या पिढीतले एक्स१०० मिळून जातात. पहिला एक्स१०० २०११ साली बाजारात आला. त्याचा ऑटोफोकस आज मंद वाटतो, रंग अजून छान आहेत. फिल्मची हौस असेल तर १९६६ चा याशिका इलेक्ट्रो ३५ पाहावा: ४५ मिमी, एफ/१.७, लेन्स पक्की. विकत घेण्याआधी मीटर चालतं का ते तपासावं आणि लेन्स उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा नाहीत ना ते पाहावं. काहीच घ्यायचं नसेल तर फोन आहेच. त्याची मुख्य लेन्सही साधारण २४ ते २६ मिमीएवढं पाहते आणि पक्कीच असते. दोन बोटांनी पडदा ताणायचा नाही एवढा नियम महिनाभर पाळून बघता येतो.

घेतलेला कॅमेरा टिकवणं हे इथे वेगळं काम आहे. घोडबंदर रोडवर धूळ बारमाही असते. बंद केल्यावर आत सरकणारी लेन्स प्रत्येक वेळी बाहेर येताना थोडी हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळ. ती सेन्सरवर बसली की घरी पुसता येत नाही, कारण लेन्स निघतच नाही. कॅमेरा उघडावा लागतो. म्हणून अशा कॅमेऱ्याला छोटी बंद पिशवी हवी, त्याला बिघडवायला नुसत्या पँटच्या खिशातले धागेही पुरतात. जून ते सप्टेंबर बुरशीचे दिवस. कॅमेरा चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवणं ही तिला दिलेली दावतच. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आत शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहील असं बघावं. पुड्यांमधले दाणे रंगीत असतील तर ओले झाले की ते रंग बदलतात. दाणे मंद तव्यावर भाजून पुन्हा वापरता येतात. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून त्याने फोटो काढावेत. कापूरबावडीच्या ठाणे कला भवनात पावसाळ्यातही प्रदर्शनं लागतात. त्यांना जाऊन येणं आणि परतताना छत्रीखालून नाक्यावरची गर्दी टिपणं, दोन्ही एका फेरीत होतं.